गडमुडशिंगीचा बंगला, लॅब्राडोरची खाण

आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी घर बघायला जातात. मुलगी पसंत असल्याचा निरोप आला की मुलीकडची पाच-सहा माणसं मुलाच्या घरी चहाला जातात आणि चहा पीत पीत सगळं बघून घेतात. पाणी कुठलं, शेजार कसा, बस किती लांब. परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात उगाच काडेपेटी घेतात आणि घराण्याची चौकशी करतात. लग्नातल्या बाकी रीतींवर माझा फारसा जीव नाही, पण ही रीत शहाण्या माणसांनी घातलेली आहे.

म्हणूनच माझ्या भाचीच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीच्या वेळी जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. मुलगा कॅनडात खाणीवर इंजिनिअर. आणि आम्ही घर बघायला गेलो कुठं, तर इथंच कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला, त्याच्या आईवडिलांच्या दुमजली बंगल्यात. भावानं नळ सोडून पाणी चाखलं. चुलते गुडघे धरत गच्चीवर गेले आणि टाकी बघून आले. वहिनीनं स्वयंपाकघराची खिडकी उघडझाप करून बघितली. कोपऱ्यावर काडेपेटीसुद्धा घेतली. ज्या घरात पोरगी वर्षातून आठ दिवस राहिली तर राहणार, त्या घराच्या टाकीत ही मंडळी वाकून बघत होती.

गाडीत मी म्हणाले, "हे झालं. आता ती राहणार ते घर कुठं हाय, ते बघूया."

"कॅनडाच हाय की, आक्का," भाऊ म्हणाला. "त्यात आणि काय बघायचं?"

मी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. सख्ख्या भावाच्या तोंडून हे ऐकून मला स्वतःचीच कीव आली. मुलाच्या वडिलांना गाव विचारलं तर म्हणाले, टोरांटोच्या बाजूला. शेवटी भाचीनं मुलालाच विचारून नाव आणलं आणि मी नकाशा उघडला. गाव क्यूबेक आणि लॅब्राडोरच्या सीमेवर, पार उत्तरेला. ते जर टोरांटोच्या बाजूला असेल, तर कोल्हापूर दिल्लीच्या बाजूला आहे.

मग दुपारची झोप सोडून मी वाचतच बसले. सगळा खडक आणि तळी, मध्ये खुरटी सूचिपर्णी झाडं, आणि निम्म्याहून जास्त वर्ष हिवाळा. कॅरिबू नावाच्या हरणांच्या मागं फिरणारे इनू लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, तरी जुन्या पुस्तकांत खुशाल 'निर्जन प्रदेश' असं छापलेलं. आपण राहत नाही ते निर्जन, असा हिशेब. मग लोखंड सापडलं. ते समुद्रापर्यंत न्यायला रेल्वे टाकली आणि खणायला माणसं लागतात म्हणून गावं बसवली. एका गावात तर वारा अडवायला किलोमीटरहून लांब अशी एकच इमारत बांधलीय. तिच्यातच घरं, तिच्यातच दुकानं, तिच्यातच शाळा. आणि त्याच्या खाली, दक्षिणेला, आणखी एक गाव होतं. खाण संपल्यावर ते पाडून टाकलं, घरं, चर्च, सगळं. आता तिथून हमरस्ता जातो आणि मध्येच जुन्या पेठेतल्या रस्त्याचा दुभाजक तेवढा लागतो. आपल्याकडे धरणात गाव जातं तेव्हा निदान उन्हाळ्यात देवळाचा कळस तरी वर येतो.

भाची फिजिओथेरपिस्ट आहे. शाहूपुरीत एक खोली घेऊन तिनं नुकताच स्वतःचा दवाखाना सुरू केला होता आणि पेशंट जमायला लागले होते. मुलगा राहत होता ते गाव क्यूबेकच्या हद्दीत, तिथं सगळा कारभार फ्रेंचमध्ये. तिच्या पदवीचं तिथं काय होणार, हे घर बघायला गेलेल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सुपारी फोडायची बैठक भावाच्या घरी भरली. मुलगा फोनवर होता. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. पान-सुपारीचं ताट पुढं आलं, तसं मी त्याला सरळ विचारलं, "तुमची खाण किती वर्षं चालंल?"

"ताई, शुभ कार्यात असलं कशाला काढताय?" त्याचे वडील म्हणाले.

"विचारू द्या की, बाबा." मुलगा शांत होता. "सांगता येत न्हाय, आत्या. लोखंडाचा भाव पडला की बंद करत्यात. शेजारची एक अशीच बंद पडलीती. मी घरात सांगितलंय हे."

वडील पंख्याकडं बघायला लागले.

"आणि हिचं काम?"

"फ्रेंच शिकायला लागंल. परीक्षा हायत. दोन-तीन वर्षं जातील." मग त्यानं फोन उचलून खिडकीकडं वळवला. बाहेर नुसतं पांढरं होतं. "थंडी लई हाय. पण इथलं आभाळ बघाय पायजे."

भाची दारात उभी होती, ती पुढं येऊन फोनमध्ये वाकून बघायला लागली. भावानं माझ्याकडं बघून डोळे वटारले. सुपारी तशीच ताटात राहिली.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला. त्यांचा नकार. कारण काय, तर मुलीची आत्या लई चौकस.

माझा पारा चढला. म्हैस घ्यायची तर हीच माणसं दोन वेळा धार काढून बघतात. आणि पोरगी पृथ्वीच्या टोकाला धाडताना गावाचं नाव विचारलं, तर मी चौकस.

"तुझ्या नकाशानं सोन्यासारखं स्थळ घालवलं," भाऊ म्हणाला.

मग मी काही बाकी ठेवलं नाही. त्याचा नळ, चुलत्यांची टाकी, वहिनीची खिडकी, सगळं काढलं. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. येऊ देत, म्हटलं.

तेवढ्यात भाची आतून आली. रडली असेल असं मला वाटलं होतं. ती रडलेली नव्हती, संतापलेली होती.

"बाबा, तुम्ही माझ्या वतीनं हो म्हणून आलात. आत्या, तू माझ्या वतीनं भांडलीस. त्यांनी नाही म्हणून कळवलं. मला जायचंय का, हे कुणी विचारलंय?"

मी विचारायला तोंड उघडलं.

"आता नको," ती म्हणाली, आणि पायात चप्पल सरकवून दवाखान्याला निघून गेली.