पाकिटावरचं नाव

मावशींना आमची नावं कधी पाठ झाली नाहीत, आणि ती पाठ करायची त्यांनी कधी तसदीही घेतली नाही. महाळुंग्यात कंपन्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची खाणावळ होती. नवा माणूस ताटावर बसला की पहिला प्रश्न, "कुठला रं तू?" त्यानं गाव सांगितलं की झालं त्याचं बारसं. मग तो कायमचा परळी, नाहीतर निलंगा, नाहीतर औसा. मी उदगीर. पुढे सुपरवायझर झालो, लग्न झालं, पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला, तरी उदगीरच! एकदा वैतागून म्हणालो, "मावशी, मला आईबापांनी नाव ठेवलंय हो!" भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ठिवलं असंल की. पर गावाच्या नावानं हाक मारली की माणूस दोन घास जास्त खातो. आपलं कुणी हाय, असं वाटतं बघ." त्या स्वतः लातूरकडच्या. त्यांना हे बरोबर ठाऊक होतं.

भाकरीबरोबर त्या कारळ्याची चटणी वाढायच्या, उखळात कुटलेली. मिक्सरमध्ये चटणीचा भुगा होतो, हे त्यांचं ठाम मत. शिफ्ट संपवून आलेलो आम्ही नुसत्या त्या चटणीवर तीन-तीन भाकऱ्या हाणायचो. पुढे कंपनीनं आमची लाईन बंद केली आणि माझी नोकरी गेली. मी आठ दिवस तोंड पाडून बसलो. शेवटी बायको म्हणाली, "अरे, त्या मावशींची चटणी विकूया ना!" मावशी एका पायावर तयार झाल्या. कुटायचं त्यांनी, पाकिटं भरायची बायकोनं, दुकानं फिरायची मी.

घोडं अडलं नावापाशी. बायकोच्या ऑफिसातल्या मंडळींनी अर्धं पान इंग्रजी नावं काढून दिली. मी ती मावशींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "ह्या काय तापाच्या गोळ्या हायत का रं?" 'मावशीची चटणी' म्हणावं, तर तेही उडवून लावलं. "मावश्या काय, गल्लोगल्ली हायत." मग मी जास्तीचा शहाणपणा केला. त्यांच्या आधारकार्डावरचं नाव गुपचूप उतरवून घेतलं आणि 'कमलबाई' अशी नमुन्याची पाकिटं छापून आणली. म्हटलं, या बाईनं आपल्याला इतकी वर्षं जेवू घातलं, आता तिचं नाव घरोघरी जाऊ दे. म्हातारी हरखून जाईल!

त्यांनी पाकीट हातात घेतलं, "बरं हाय," म्हणाल्या आणि पालथं ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर फळीवरची सगळी पाकिटं पालथी. मला राग आला. एवढ्या हौसेनं केलं, आणि ही तऱ्हा! "आवडलं नाही तर सांगा ना सरळ," मी म्हणालो.

मावशींनी मुसळ बाजूला ठेवलं. "हे नाव मला लग्नात दिलं, लेकरा. ताटात तांदूळ पसरले आन् मालकांनी अंगठीनं लिवलं. मला कुठं वाचाया येत व्हतं? शेजारची बाई म्हणली, आता तू कमल. त्या तांदळाची सांजच्याला खिचडी झाली. नाव तेवढं माझ्यापाशी ऱ्हायलं."

"मग तुमचं नाव काय?"

त्यांनी उखळातली चटणी बोटांनी सारखी केली. मग म्हणाल्या, "द्रुपदा. भाऊ व्हता तवर फोनवर 'अगं द्रुपदे' म्हणायचा. त्योबी गेला. आता त्या नावाची हाकच न्हाई येत कुठनं." आणि एकदम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एकदा हाक मार की मला."

आता तुम्हीच सांगा, आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची? आमच्याकडे लहानपणी असं केलं असतं तर थोबाड फुटलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "द्रुपदामावशी."

"मावशी काढ की त्यातलं."

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. जीभ वळेना. त्या हसल्या आणि पुन्हा कुटायला लागल्या. "ऱ्हाऊ दे, उदगीर. पाकिटावर छाप, म्हंजे झालं."

छापायला टाकली. पण पाकिटं यायच्या आधीच चार दिवसांच्या तापानं मावशी गेल्या. मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. काय गेलं असतं माझं? एका शब्दाचा तर प्रश्न होता.

चटणी आता बायको कुटते, त्यांच्याच उखळात. आमच्या सोसायटीखालचा दुकानदार फोन करतो, "भाऊ, द्रुपदा पाठवा की राव, लोक विचारतायत." परवा तिथंच उभा होतो, तर एक चिमुरडी आईच्या ओढणीचं टोक ओढत म्हणत होती, "आई, द्रुपदा घे ना, द्रुपदा!" ज्यांनी मावशींना कधी पाहिलं नाही, ते सगळे त्यांना नावानं हाक मारतात. मला मात्र आता उदगीर म्हणणारं कुणी उरलं नाही. त्या हाकेसाठी जीव तुटतो हो.

काल बायको बाहेर गेली होती. मी एकटाच पाकिटं भरत बसलो होतो. एक पाकीट हातात घेतलं आणि म्हणालो, "द्रुपदा." मग जरा मोठ्यानं, त्यांचा भाऊ म्हणायचा तसं, "अगं द्रुपदे!"

आणि हातातलं पाकीट तसंच धरून, "काय रं, उदगीर?" ऐकू येईल म्हणून वाट बघत बसलो.