एका चित्राविरुद्धचा अर्ज

“हसू आलं तर हसा, न्हाई आलं तर अर्ज करा!”

फळ्यावरचे रोजचे व्यंगचित्र पुरे झाले, की पेंटर हातातला खडू माझ्या टेबलाकडे रोखून असे म्हणत असे. पुसेगावहून येऊन दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस. तहसील कचेरीसमोर चहाच्या टपरीला त्याचा फळा टेकलेला आणि शेजारी माझे, लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनविसाचे टेबल. गर्दी मात्र त्याच्याकडे. वाचकहो, मी नववी नापास असलो तरी माझे एकेक वाक्य पानभर चालते, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

मग देशावर घाला पडला. एका दिवसात कितीतरी जवान गेले. तीन दिवस फळा कोरा.

“काहून हो पेंटर, चित्र न्हाई?” टपरीवरच्या एकाने विचारले.

“मेलेल्यांवर काय इनोद करता, साहेब? जित्यांची वाट पाहून राहिलो.”

चौथ्या दिवशी जिते आले. चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लागला. पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे, जवानांचे तिकिटाएवढे. दुपारी फळ्यावर चित्र उमटले: त्या बॅनरपुढे एक म्हातारी भिंग धरून आपला मुलगा शोधते आहे.

तासाभरात बॅनरवाला कार्यकर्ता माझ्यापुढे उभा. “काका, असा अर्ज ठोका की फळाच उचलला पाह्यजे! शहिदांचा अपमान हाय हा.”

मला भरूनच आले. सातबाऱ्यावरील नावे दुरुस्त करण्यात झिजलेल्या लेखणीस अखेर राष्ट्रीय विषय लाभला होता. वर्णन अचूक असावे म्हणून मी फळ्यापाशी गेलो आणि खुद्द आरोपीलाच विचारून लिहू लागलो.

“भिंग राह्यलं ना, साहेब,” तो माझ्या कागदावर वाकून म्हणाला. “अन् म्हातारी अनवाणी हाय. बराबर लिवा.”

मी बराबर लिहिले.

सहीआधी अर्ज वाचून दाखवावा, हा आमचा रिवाज. मी खणखणीत आवाजात वाचले, “सदर वृद्ध माता अनवाणी असून भिंगाच्या साह्याने मुलाचा चेहरा शोधीत आहे, परंतु पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांमुळे तो आढळून येत नाही...” टपरीवर हशा पिकला. तेवढ्यात दाखल्यासाठी आलेली एक मेंढपाळ बाई, जिने चित्र पाहिलेच नव्हते, म्हणाली, “मंग घावलं का वो तिला तिचं लेकरू?”

हसणाऱ्यांनी कप खाली ठेवले. कार्यकर्त्याने वर न पाहता सही केली. तो कागद मला फाडता आला असता. मी म्हणालो, “पोच घ्यायला विसरू नका.”

फळा उचलला गेला आणि पेंटरला नोटीस बजावली गेली. नोटिशीचे उत्तर लिहून घ्यायला पेंटर माझ्याकडेच आला.

“‘गैरसमजातून घडले’ असे लिहितो,” मी म्हणालो. “फळा परत मिळेल.”

“न्हाई साहेब. ‘समजून-उमजून काढलं’ असं लिवा.”

त्यानंतर तो कचेरीकडे फिरकला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो वारल्याचे कळले. ज्यांनी मोबाईलमध्ये त्या चित्राचे फोटो घेतले होते, त्यांनी तक्रारीच्या धाकाने ते केव्हाच काढून टाकले होते. ते चित्र आता कचेरीच्या कपाटात, माझ्या अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात तेवढे शिल्लक आहे. खाली लिहिणाऱ्याचे नाव माझे आहे.