खुंटीवरच्या टोप्या: नांदेड-लातूरच्या जुन्या बारमध्ये वही घेऊन

बायकोला सांगितलं, चार दिवस नांदेड-लातूरला चाललोय, जुन्या बारमध्ये बसून चित्रं काढायला. तिनं इस्त्री थांबवली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली, "थाप तरी जरा बरी मारायचीस." गंमत म्हणजे मी खरंच बोलत होतो. डॉक्टरांनी माझं पिणं बंद केलंय, पण बघणं कुणी बंद केलेलं नाही. आणि नांदेडचा एक मित्र गेलं वर्षभर मागे लागला होता की निजामाच्या काळातल्या दगडी इमारतींमधले बार आता एकेक करून काचेचे आणि एसीचे व्हायला लागलेत, यायचं तर लवकर ये.

नाशिकहून रात्रीची गाडी पकडली, सकाळी नांदेड. स्टेशनजवळ सातशे रुपयांत स्वच्छ लॉज मिळतं, गरम पाणी मात्र आठच्या आत. चित्रं काढायला येणाऱ्यांनी दुपारी बारा ते चार ही वेळ साधावी. उजेड भरपूर असतो, माणसं जेवण होऊन सुस्तावलेली असतात आणि वेटरला तुमच्यावर संशय घ्यायला पुरेसा वेळ असतो.

संशय येतोच. बारमध्ये बसून नुसता लिंबू सोडा पिणारा माणूस एकतर सरकारी असतो, नाहीतर कुणाचा तरी मेहुणा. जुन्या नांदेडातल्या त्या बारला दगडी कमान आहे, लांब दांड्यांचे पंखे आहेत आणि तुळईवर पुसट उर्दू अक्षरं आहेत. मी तुळई काढायला घेतली आणि पलीकडच्या टेबलावर कुजबुज सुरू झाली की महापालिकेचा माणूस इमारत पाडायची मापं घेतोय. शेवटी गल्ल्यावरचे मालक उठून आले. "कामून काढू लालाव हे?" कशासाठी काढताय, असं त्यांनी विचारलं. मी पान उलटून त्यांचंच चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, नाक वडिलांवर गेल्याचं मान्य केलं आणि मसाला शेंगदाण्यांची बशी फुकट पाठवली. त्यानंतर तासभर मला मिशा दाट करून देण्याच्या ऑर्डरी येत होत्या.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूर. तीन तासांहून थोडं जास्तच लागतं. अहमदपूरला गाडी थांबली तर गरम सुशीला खा. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा प्रकार पोह्यांपेक्षा हलका लागतो आणि पोह्यांच्या दुप्पट खाल्ला जातो.

लातूरचा बार गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या माडीवर. लाकडी जिना चढलं की दाराशीच भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग, आणि प्रत्येक खुंटीवर एक पांढरी टोपी. आत सगळे बोडके. इथला रिवाजच तसा आहे, असं वेटरनं सांगितलं. टोपीवाला माणूस टोपी बाहेर ठेवतो आणि मग ग्लासाला हात लावतो. सांगणारं कुणी नाही, पाटी नाही, पण मोडलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यात अप्पा बसले होते. उदगीरचे धान्याचे व्यापारी, साठीचे, कपाळावर भस्म, टकलावर टोपीची गोल खूण. ते हसत होते. समोर कुणी नव्हतं, तरी हसत होते, अगदी पोटातून. मी चित्र काढू का विचारलं.

"काढा की," अप्पा म्हणाले. "बिनटोपीचं आपल्याला कोण वळखतंय?"

वीस वर्षांत माझ्या हातून असा चेहरा उतरला नव्हता. अप्पांनी दुसऱ्या दिवशी उदगीरला जेवायलाच बोलावलं, चित्र मात्र आधी दुकानात दाखवायचं असं बजावून. मी खूश. आणि संध्याकाळी लॉजवर रंग भरताना मला अवदसा आठवली. त्या डोक्यावर काहीतरी कमी वाटत होतं. मी अप्पांना त्यांची टोपी घातली. फार सुरेख बसली.

लातूर ते उदगीर दीड-दोन तास. किल्ला सकाळीच बघून घ्यावा, उन्हात दगड तापतो. मी अकराच्या सुमाराला दुकानात पोहोचलो. दुकान पुढे, घर मागे. अप्पांनी वही हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला.

आधी मला वाटलं, टक्कल झाकल्याचा राग आला. मग त्यांनी दाराकडे बघत हळू आवाजात सगळं सांगितलं. मागच्या श्रावणात बायकोसमोर, मठात, त्यांनी दारू सोडल्याचा शब्द दिला होता. तेव्हापासून घरात सुख होतं. बायको पुन्हा जवळ बसून बोलायला लागली होती.

"पण काल तर..." मी म्हणालो.

"शब्द टोपी घालून दिलता, सर. म्हणून टोपी काढून पितो. तुमी टोपी घातली अन् मला खोटं पाडलंव. हे पान फाडा."

मला हसू आलं, ते मी दाबलं. त्यांचं घर एका बाजूला, माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पान दुसऱ्या बाजूला. फाडायला हात होईना. मग मीच तोड काढली की चित्रातल्या बारचं दुकान करून टाकू. अप्पांनी मागचं दार लोटून घेतलं आणि मी गादीवर बसून पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. मागच्या बाटल्या गेल्या, तिथे सोयाबीनची पोती आली. ग्लासात रंग आधीच होता, वर थोडं दूध टाकल्यावर त्याचा चहा झाला. अप्पा शेजारी उकिडवे बसून सूचना करत होते. त्यांनी तराजूही काढायला लावला.

रंग ओला असतानाच वहिनी जेवायला बोलवायला आल्या. अप्पांनी घाईनं वही पुढे केली. बघ, सरांनी आपल्या दुकानात बसून काढलं.

वहिनींनी पदराला हात पुसले, वही उजेडात धरली. पोत्यांकडे बघितलं नाही, चहाकडे नाही. फक्त चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"दुकानात ह्यांचं तोंड असं कवाच नसतंय," त्या म्हणाल्या. "घरातबी नसतंय. कुठं बसले होते हे?"

अप्पांनी चित्रातल्या तराजूकडे बोट दाखवलं. मी पांढऱ्या रंगाच्या बाटलीचं झाकण लावलं. वहिनींनी राग केला नाही, ते मला जास्त लागलं. जेवण वाढलं, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, वरून तूप. शेवटी एवढंच म्हणाल्या की पिण्याचं मी बघून घेईन, पण असं हसू माझ्या वाट्याला कधी आलं न्हाई, त्याचं काय करू. अप्पा ताटाकडे बघत भाकरीचा तोच तुकडा कुस्करत होते. निघताना वहिनींनी ते पान मागून घेतलं. मी दिलं. हा मजकूर नाव-पत्ता न देता लिहायची परवानगीही त्यांचीच. अप्पांना मी विचारलेलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. नाकाची गोष्ट, मिशांची गोष्ट, पोत्यांची. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग थांबली आणि विचारलं, "आणि माझा असा चेहरा कुठे असतो, माहितीये तुला?"

मी विचार केला. चार दिवस अनोळखी माणसांची तोंडं निरखत बसलो होतो, आणि घरातलं हे एक तोंड कधी निरखलंच नव्हतं. मला फार लाज वाटली.

"बुधवारी, भिशीला," ती म्हणाली. "ये बघायला. पण वही आणायची नाही."