सरबतरावाची सुटलेली दारू

कारखान्यातल्या क्रेन ड्रायव्हरला सगळे सरबतराव म्हणत. पार्टीत बाकीचे ग्लासाला ग्लास भिडवत तेव्हा हा पठ्ठ्या लिंबाचं सरबत घेऊन कोपऱ्यात बसे आणि शेवटी एकेकाला त्याच्या त्याच्या दारात नेऊन टाके. बाप दारूपायी गेला तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. आता एकेचाळिशी आली, पण थेंब तोंडाला लागला नव्हता. मिरवण्यासारखी एवढीच एक गोष्ट गाठीला होती. बाकी पगार बेताचा, उंची बेताची आणि पायाची नखं पिवळी पडून भुगा होत चाललेली.

नखांची ही दशा बुटांनी केली होती. पोलादी टोकाच्या बुटात दिवसभर पाय शिजत. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बुरशी आहे म्हणून सांगितलं. रोज एक गोळी, तीन महिने, आणि महिन्याभराने रक्त तपासायचं. गोळी त्याने नेमाने घेतली. रक्ताचं तेवढं, नखासाठी कुणी रक्त देतं का, म्हणून टाळलं.

त्यातच कारखान्याची वार्षिक तपासणी आली. तिच्या फॉर्मवर ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ असा रकाना होता आणि तो भरायची रीत ठरलेली होती. टाइमकीपर सगळ्यांचे फॉर्म गठ्ठ्याने पुढ्यात घेई आणि ‘नाही, नाही, नाही’ लिहीत सुटे. पूर्वी एकाने इमानदारीत ब्लडप्रेशरची गोळी लिहिली होती, त्याला क्रेनवरून उतरवून हातात झाडू दिला होता. तेव्हापासून सगळा विभाग कागदावर ठणठणीत. सरबतरावानेही न वाचता सही ठोकली.

रिपोर्ट आला. लिव्हरचे जे आकडे चाळिसाच्या आसपास असायचे, ते दोनशेच्या घरात. कारखान्याच्या डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, औषध नाही म्हणजे दुसरं काय असणार हे ओळखलं, आणि चष्म्यावरून विचारलं, “रोज किती घेता?”

तो म्हणाला, आपण शिवतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, इथे बसलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. संध्याकाळपर्यंत त्याला क्रेनवरून उतरवून गोदामात खोकी मोजायला बसवलं होतं. दोस्तमंडळींना तर आनंदाचं भरतंच आलं. एवढी वर्षं सरबतात काय मिसळत होतास ते तरी सांग, म्हणून एकाने गळ्यात हात टाकला.

घरी बायकोने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी तो दारात चपला काढत असताना आई त्याच्या तोंडाजवळ आली आणि तिने वास घेतला. बापाचा घेत असे तसाच, मान जराशी तिरपी करून.

तो तडक डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी रिपोर्ट पाहून आधी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, काही जणांच्या लिव्हरला ही गोळी झेपत नाही, म्हणून तर रक्त तपासायला सांगितलं होतं. त्यांनी गोळी बंद केली, काविळीची लक्षणं विचारली, दीड महिन्याने पुन्हा तपासा म्हणाल्या आणि सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं.

चिठ्ठी घेऊन तो कारखान्याच्या ऑफिसरसाहेबांपुढे उभा राहिला. साहेबांनी ती दोनदा वाचली, फॉर्म काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

“हे बघ,” साहेब म्हणाले, “व्यसनी माणसाला सुधारायची संधी द्यायची, असा नियम आहे. खोटी माहिती देणाऱ्याला घरी पाठवायचं, असाही आहे. तुला कुठला लावू?”

“साहेब, तो फॉर्म टाइमकीपरने भरलाय. सगळ्यांचेच तो भरतो.”

“मग सगळ्यांचेच काढू का बाहेर?”

विभागात चाळीस माणसं होती. कुणाला साखरेची गोळी चालू, कुणाला फिट येण्यावरची. त्याने चिठ्ठी उचलली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मद्यपान सोडण्याची हमी देणाऱ्या कागदावर या वेळी त्याने वाचून सही केली.

आईला त्याने खरं ते सांगून पाहिलं. चिठ्ठी दाखवली, गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं. ती म्हणाली, “तुझे बाबाही औषधच म्हणायचे. खोकल्याचं.”

दीड महिन्याने रक्त दिलं. आकडे सुतासारखे सरळ. कारखान्याच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि फाइलीत लिहिलं: मद्यपान बंद केल्याने सुधारणा. आजवर कुणाला नुसता संशय होता, आता पुरावाच झाला. नोटीसबोर्डावर त्याचं नाव, खाली ‘इच्छाशक्तीचा आदर्श’. क्रेन परत मिळाली. टाइमकीपरने पेढ्यांची मागणी केली, तीही न लाजता.

रिपोर्ट घरी आला तेव्हा आईने तो सुनेकडून वाचून घेतला. मग त्याला जवळ बसवून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत ती एवढी हलकी झालेली त्याने पाहिली नव्हती.

“तुझ्या बापाला नाही जमलं बघ,” ती म्हणाली. “तू सोडलीस.”

बायकोने तोंड उघडलं. त्याने तिला नजरेनेच थांबवलं.

“हो,” तो म्हणाला. “सोडली.”