मठात गेलेली आत्या

स्ट्रॉबेरीचा वास आला की मला आत्याची महाबळेश्वरची विश्रांती आठवते. जन्मभर चुलीपुढं राबलेल्या बाईला दोन दिवस तरी बसवून खायला घालावं, म्हणून आम्ही तिला नावात 'अ‍ॅबी' असलेल्या एका हॉटेलात नेलं. पाटी बघून तिनं विचारलं, "अ‍ॅबी म्हंजी काय रं?" मी इंग्रजी पाजळलं, "साहेबांचा मठ. कुठं चर्चलाही म्हणतात, कुठं बड्या घराला. इथं नुसतं नाव आहे." तिनं 'मठ' तेवढं ऐकलं आणि चपला दारातच काढल्या. सकाळी बघतो तर खोलीत आत्या नाही! दाट धुक्यात हाका मारत फिरलो, शेवटी ती हॉटेलच्या स्वयंपाकघरात सापडली. पदर खोचून भाकऱ्या थापत होती आणि आचारी निमूट लसूण सोलत होता. "अगं आत्या, आपण पाहुणे आहोत इथं!" "गप रं! मठात सेवा करावी. आयतं खाल्लेलं पचत न्हाई." दुपारी सगळं हॉटेल भाकरी-चटणीवर तुटून पडलं. आजही ती भावकीत सांगते, "भाच्यानं मठात नेलं, लय इश्रांती झाली." दोन्ही दिवस पलंगावर मीच घोरत होतो, एवढं मात्र ती मोठ्या मनानं गाळते.