उघडा की जतन करा

मागच्या सोमवारची दुपार. घाटनांदूरला आमच्या अंगणात ऊन असं पसरलं होतं, की वाटावं आजचा दिवस आता पुढं सरकणारच नाही... मी खांबाला टेकून पेंगत होते, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली कौसा आली.

"काकू, उद्या पहाटं आमची टोळी चालली ऊस तोडायला. जायच्या आधी मायचं गाणं एकडाव ऐकू द्या की. मोबाईलात बी टाकून द्या."

कौसाची माय दोन वर्षांमागं गेली. तिचा एक फोटो धड नाही, पण आवाज आहे... आमच्याकडे. आमचे हे शाळेत गुरुजी होते. सुट्टीच्या दिवशी छोटा रेकॉर्डर घेऊन निघायचे आणि सिरसाळ्यापर्यंत जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या भरून आणायचे.

कॉम्प्युटरवर त्यांनी त्याचं एक साधं पान केलं होतं. गाव, त्याखाली बायकांची नावं... नावावर क्लिक केलं की ती बाई गायला लागायची.

हे जाऊन चार वर्षं झाली. ते पान मी उघडलंच नव्हतं.

या दिवाळीत लेकीनं यांच्या फाइली जपून ठेवून तो जुना, रखडत चालणारा कॉम्प्युटर पुसला आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स बसवून दिलं. सगळं मराठीत केलं. ती पुण्याला परत गेल्यावर मी धीर केला आणि पहिल्या नावावर क्लिक केलं... तर ब्राउझर विचारतो, फाइल उघडायची की जतन करायची?

मी घाबरले. उघडली आणि खराब झाली तर? यांचा कोटसुद्धा मी डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवलाय, घडी मोडलेली नाही. मी 'जतन करा' निवडलं. खाली 'यापुढे असंच करा' असं होतं, तिथंही टिक केली. आणि कॉम्प्युटर बंद करून टाकला... बरं वाटलं होतं तेव्हा.

आता कौसा शेजारी मांडी घालून बसलेली. मी तिच्या मायच्या नावावर क्लिक केलं. काही नाही... पुन्हा केलं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

"काकू, तुमचा कांपुटर बी रुसला का काय?"

लेकीला फोन लावला, ती कामात. कौसा पदर सावरत उठली. "राहू द्या. नशिबात न्हाई म्हणायचं." ती आता सहा महिने येणार नव्हती... आणि टिक तर मीच केली होती.

मी म्हणाले, "बस गं. वाचून बघते."

मला शाळा नाही. लग्नानंतर किराणाच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचायला शिकले. अजूनही ओळीवर बोट ठेवून वाचते. तसंच पडद्यावर बोट ठेवून ब्राउझरची सगळी सेटिंग वाचत गेले, एकेक ओळ.

खाली एक यादी सापडली. कुठल्या जातीची फाइल आली की काय करायचं, याची. आवाजाच्या फाइलीसमोर लिहिलेलं, 'जतन करा'. म्हणजे तो बिचारा रुसला नव्हता. मी सांगितलं तेच मुकाट्यानं करत होता. नंतर पाहिलं, तर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कौसाची माय अकरा वेळा जतन झालेली...

मी त्या ओळीत बदल केला. लेकीनं बसवलेला, गाणी वाजवायचा प्लेअर निवडला. आणि पुन्हा नावावर क्लिक...

जात्याची घरघर आली. मग कौसाची माय. ऊन, अंगण, पंखा, सगळं कुठंतरी लांब गेलं. जणू जातं आमच्याच ओसरीवर फिरतंय... कौसा डोळे मिटून डुलत होती.

पहिली ओवी संपली. म्हातारी थांबली. आणि त्या शांततेत कुणीतरी हळूच म्हणालं, "हं..."

तो यांचा आवाज. गाणाऱ्याच्या मध्ये बोलायचं नाही, हा यांचा नियम. पुढं म्हणा, एवढं सांगायला नुसतं "हं". जेवताना मी काही सांगत असले की अगदी असंच...

कौसानं डोळे उघडले. "कावून रडायलात काकू? माय माझी हाय, अन् रडता तुमी!"

मग दोघी हसलो. फाइल केबलनं तिच्या मोबाईलमध्ये टाकली. पहाटे टोळीची गाडी गेली, तेव्हा मी दारात उभी होते.

काल कौसाचा फोन आला. फडाजवळच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, सांच्याला भाकरी थापताना मायचं गाणं लावते म्हणाली. "अन् गुरुजींचं 'हं' आलं की मी बी 'हं' म्हनते."

त्या पानावर अजून बरीच नावं आहेत. मी रोज दुपारी एक उघडते... आणि ओवी संपायची वाट बघत बसते.