आईच्या जाहिरातीची विशेष सभा

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रोजेक्ट होता. एका गाण्याची जाहिरात बनवायची, ती लोकांना दाखवायची, त्यांचं म्हणणं फॉर्मवर लिहून घ्यायचं आणि त्याप्रमाणे जाहिरात सुधारायची. आमच्या मॅडमचा सगळा जोर त्या सुधारण्यावर होता. पहिली जाहिरात कितीही झकास असली तरी तिला मार्क नव्हते. लोक काय म्हणाले आणि तुम्ही काय बदललं, याचा तक्ता करायचा. तक्ता जितका लांब, तितके मार्क जास्त.

वर्गातल्या बाकीच्यांनी खोटे बँड बनवले. माझ्याकडे खरं गाणं होतं, आणि ते माझ्या आईचं होतं.

आई सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसते. दिवसभर पत्रांवर शिक्के मारते. लग्नाआधी मालवणात ती गायची, लग्नानंतर मुलुंडला कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात गायची. एक्कावन्नाव्या वर्षी तिने स्वतः एक गाणं लिहिलं, चाल लावली आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड करून आली. प्रेमगीत होतं. ते आपल्यावर आहे असं बाबांना वाटायचं आणि आम्ही कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

स्टुडिओत मी तिचा एक फोटो काढला होता. कानावर मोठे हेडफोन, डोळे मिटलेले, तोंड सुराच्या मध्यावर उघडं. मागे काळोख. तो आईने मोबाइल आधी लांब, मग जवळ धरून बघितला. मग म्हणाली, "ही मी आहे होय?" आणि मला म्हणाली, "जाहिरातीत हाच टाक हां." तिने माझ्याकडे मागितलेली ही तेवढी एकच गोष्ट. एरवी ती मागत नाही, आपण द्यायचं राहून जातं.

तर तो फोटो, वर गाण्याचं नाव, खाली मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन, बस. मला स्वतःला ती जाहिरात भयंकर आवडली होती. आता वीस लोकांचं मत घ्यायचं होतं, आणि आळस माणसाकडून काय काय करवतो बघा, मी फॉर्मचा गठ्ठा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे नेऊन दिला. म्हटलं, त्यांच्या हाताखालून सगळी बिल्डिंग जाते, दोन दिवसांत भरून मिळतील.

काकांनी फॉर्म वाचला. चष्मा काढला. पुन्हा घातला. "म्हणजे सभासदांच्या सूचना आणि हरकती मागवतेयस तू," ते म्हणाले. "मग असं दारोदार नाही चालत बेटा. सभा बोलवावी लागेल."

मला वाटलं, चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डाच्या काचेआड, कुलूपबंद, कागद लागला होता. विशेष सभा, रविवारी सायंकाळी सहा वाजता, सोसायटीच्या ऑफिसात. विषय: सदनिका चारशे तीनमधील संगीतविषयक जाहिरातीवर विचारविनिमय करून निर्णय घेणे.

"अगं, निर्णय कशाला?" आईने विचारलं. मी म्हटलं, कळेल.

रविवारी सहाला सात जण आले. कोरम भरत नव्हता. काकांनी घड्याळ बघितलं आणि सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. तहकूब म्हणजे कुणी कुठे गेलं नाही. तेच सात जण त्याच खुर्च्यांवर बसून राहिले, जाहिरात समोर भिंतीला चिकटवलेली होती आणि कुणी तिच्याकडे बघेना. मी म्हटलं, "तोवर सहज सांगा ना, कशी वाटते?" तर सेक्रेटरी काका म्हणाले, "आता काही बोलता येणार नाही, सभा तहकूब आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काही सांगणार होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला. तीस मिनिटं आम्ही सगळे पंख्याकडे बघत होतो.

साडेसहाला तीच सात माणसं नियमानुसार पुरेशी झाली. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे पेन होतं.

पहिला ठराव रंगाचा. काळा रंग जिन्याच्या तोंडाशी बरा दिसत नाही, सबब अबोली करावा. सूचक दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, अनुमोदक तळमजल्यावरचे रिटायर्ड इंजिनियर. मंजूर. दुसरा ठराव इंजिनियरांचा. ही जाहिरात बोर्डाची अर्धी जागा खाणार, आणि बुधवारी टाकी सफाईची नोटीस लावायची आहे, तेव्हा ती जाहिरातीतच सामावून घ्यावी. "म्हणजे गाण्याच्या खाली लिहायचं की पाणी बंद राहील?" मी विचारलं. "खाली नको, मध्ये लिही," ते म्हणाले. "खाली कोण वाचतं?" अनुमोदक काकू. मंजूर.

मी लिहीत होते. खरं सांगते, मजा येत होती. माझा तक्ता लांब होत होता.

मग तिसरा विषय निघाला, फोटोचा. सेक्रेटरी काका घसा खाकरून म्हणाले, "वहिनींचा आवाज चांगलाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण गाणं... म्हणजे प्रेमाचं आहे. आणि डोळे मिटून, असं तोंड उघडून... येणारे-जाणारे बघतात. कुरिअरवाले बघतात." इंजिनियर म्हणाले, हेडफोनमुळे त्या टेलिफोन ऑपरेटर वाटतात. मग फोटोच्या जागी काय, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. वीणा नको, कारण गाण्यात वीणा नाही. सूर्यास्त नको, उदास वाटतो. शेवटी मोर ठरला. मोर कुणालाच खटकत नाही, असं काकांनी सांगितलं.

"सूचक मी," काका म्हणाले. "अनुमोदक?"

कुणी हात वर करेना. काकूंचं आणि इंजिनियरांचं एकेक अनुमोदन देऊन झालेलं, आणि एका सभेत एकाने एकच अनुमोदन द्यावं असा काकांचा नियम होता, तो त्यांनी तिथल्या तिथे सांगितला. उरलेले माझ्या आईकडे बघायला नको म्हणून चपलांकडे बघत होते. मला बरं वाटलं. चला, वाचला फोटो.

आई मागच्या रांगेत बसली होती, चहाचा ट्रे मांडीवर घेऊन. तिने हात वर केला.

"मी करते अनुमोदन," ती म्हणाली.

ठराव एकमताने मंजूर झाला. मी इतिवृत्तात लिहिलं, अनुमोदक: सदनिका चारशे तीन.

घरी आल्यावर मी तिच्यावर भडकले. काय गरज होती? तुझाच फोटो ना? तुला लाज वाटते का स्वतःची?

ती कप विसळत होती. "चहा गार होत होता सगळ्यांचा," ती म्हणाली. मग कप पालथे घालत, "आणि तुला बदल दाखवायचेत ना? रंग बदलला तर किती मार्क मिळणार? फोटोच काढून टाकला तर मोठा बदल दिसेल."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं, किंवा म्हणायला हवं होतं की खड्ड्यात गेले मार्क. मी काय केलं, तर रात्रीच्या जेवणाआधी मोर शोधला. मला कळत होतं आणि तरी मी तो टाकला. ही गोष्ट मी इतकी हसत सांगते, पण या वाक्यापाशी मला अजून स्वतःचा राग येतो.

मॅडमना जाहिरात प्रचंड आवडली. अबोली कागद, पिसारा फुलवलेला मोर, आणि त्याच्या पोटावरून आडवं, 'बुधवारी टाकी सफाईनिमित्त पाणी बंद राहील'. त्यांनी ती वर्गात फिरवली. प्रेक्षकांच्या रोजच्या जगण्याशी कलेचं नातं जोडणं याला म्हणतात, त्या म्हणाल्या. सोबत जोडलेलं सूचक-अनुमोदकांसहित इतिवृत्त बघून तर त्यांनी त्याची एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली. वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला मिळाले.

काकांनी कुलूप उघडून जाहिरात बोर्डावर लावली. तिचा परिणाम जबरदस्त झाला. बुधवारी सगळ्या बिल्डिंगने बादल्या भरून ठेवल्या होत्या. गाणं मात्र कुणी ऐकलं नाही. ऐकणाऱ्यांचा आकडा अधूनमधून एकाने वाढायचा, तेव्हा बाबांची जेवणाची सुट्टी झालेली असायची. आई रोज घरी आली की सहज विचारल्यासारखं विचारायची, "कोणी काही म्हणालं का गं?"

आठवड्याभराने एका संध्याकाळी मी आणि आई भाजी घेऊन येत होतो. सेक्रेटरी काका बोर्डासमोर हात मागे बांधून उभे. आम्हाला बघून म्हणाले, "वहिनी, जाहिरात एकदम फर्स्ट क्लास. फक्त एक सूचना करू?"

"करा ना," आई म्हणाली.

"गाणारी कोण, तेच कळत नाही यात. एखादा फोटो हवा होता."

ते थट्टा करत नव्हते. चेहऱ्यावर निव्वळ मदतीचा भाव होता. मी आईकडे बघितलं. ती आता हसेल किंवा चिडेल, मी दोन्हीला तयार होते. तिने कोथिंबिरीची जुडी या हातातून त्या हातात घेतली आणि अगदी मनापासून विचारलं, "मग परत सभा बोलवावी लागेल का हो?"

"बोलवू की," काका म्हणाले. "त्याच विषयावर परत म्हटल्यावर चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागेल."

आईने मान डोलावली. म्हणजे ती खरंच चौदा दिवस थांबणार होती. आणि मग परत चहाचा ट्रे घेऊन मागे बसणार होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी भाजीची पिशवी तिथेच जिन्यात ठेवली आणि तशीच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. मोबाइलमधून जुनी फाइल काढली, काळी, मोठी, कुणाच्याही सूचनेवाचूनची. त्याच्याकडचा सगळ्यात मोठा कागद मागितला. कुलपाची चावी माझ्याकडे नव्हतीच. मी ती जाहिरात बोर्डाच्या काचेवर बाहेरून चिकटवली, चारही बाजूंनी, मोर पुरता झाकला जाईल अशी.

सकाळी आई ऑफिसला निघाली, मी तिला सोडायला म्हणून मुद्दाम खाली उतरले. ती बोर्डापाशी थांबली. पर्स खांद्यावर, डबा हातात. वरून दूधवाला उतरला, त्याने फोटोकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा फोटोकडे, आणि वाट काढून गेला. आईने त्याच्यासाठी बाजूला होताना नजर काही हलवली नाही.

"केस केवढे विस्कटलेत गं," ती म्हणाली.

त्या सगळ्या भानगडीत तिचं मत मी पहिल्यांदाच ऐकत होते. फॉर्मच्या गठ्ठ्यातला एकही तिला दिला नव्हता.

"नीट करू?" मी विचारलं. "होतं कॉम्प्युटरवर. पाच मिनिटं."

"नको," ती म्हणाली. "गाताना मी अशीच दिसते."